दारूच्या पैशाचे इस्पितळ

गेल्या वर्षी मार्गशीर्षात आमच्या गावच्या प्रसूतिगृहाच्या कमिटीची बैठक झाली. कमिटीत आम्ही अकरा जण. विषय एकच होता. गावातल्या देशी दारूच्या दुकानदाराच्या विधवेने आपली दोन एकर बागायत जमीन प्रसूतिगृहाला द्यायचे कळवले होते. अट एवढीच, की जमीन कधी विकायची नाही. तिच्या उत्पन्नातून बाळंतिणींची औषधे आणि नर्सबाईंचा पगार भागवायचा. एक सद्गृहस्थ उठून म्हणाले, "हा पैसा नाही, शेकडो बायकांचे तळतळाट आहेत हे. त्यावर आपण बाळंतपणे करायची?" कुणी काही बोलले नाही. मग हात वर झाले. दोन बाजूने, नऊ विरुद्ध. त्या नऊ हातांत एक हात माझा होता.

हा लेख त्या हाताविरुद्ध आहे.

हात का वर केला तेही सांगतो. माझे वडील दारूने गेले. त्याच दुकानाच्या ओट्यावरून त्यांना घरी आणायला आई मला बरोबर घेऊन जायची. एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात वडिलांची चप्पल, हे माझे काम. आईच्या पाटल्या गेल्या, नंतर दुभती म्हैस गेली. तेव्हा दारूच्या पैशाबद्दल मला कुणी पुस्तकातून शिकवावे अशी गरज नाही. दिवाळी अंकात फराळाचे ताट पुढ्यात घेऊन बसलेल्या वाचकांना हा विषय अप्रशस्त वाटला तर मी क्षमा मागतो. पण लक्ष्मीपूजन ज्या दिवसांत करायचे त्याच दिवसांत लक्ष्मी कुठून आली आणि कुठे चालली हे विचारायला हरकत नसावी.

त्या बैठकीनंतर दोनेक महिन्यांनी मी एका नव्या कादंबरीची जमवाजमव करीत होतो. दवाखान्यात आयुष्य घालवलेल्या एका आयाबाईंची ती गोष्ट आहे. त्यासाठी जुन्या इस्पितळांविषयी मिळेल ते वाचू लागलो, आणि फ्रान्समधल्या बोन या गावाशी येऊन अडकलो. (जर्मनीतले बॉन ते वेगळे. मी मॅट्रिकपुढे न गेलेला मास्तर. फ्रेंच नावांचे उच्चार जसे जमतील तसे करतो आहे, जाणकारांनी सांभाळून घ्यावे.) या बोन गावात इसवी सन १४४३ मध्ये गरिबांसाठी एक इस्पितळ स्थापन झाले. त्या इस्पितळाचे द्राक्षमळे आहेत, त्या मळ्यांची दारू होते, ती दरवर्षी लिलावात विकली जाते, आणि तो पैसा इस्पितळाच्या कामी येतो. १४४३ पासून आजपर्यंत ही संस्था बंद पडलेली नाही.

एक खुलासा आधीच करतो. तिथल्या मालाला हल्ली आपल्याकडेही 'वाइन' म्हणतात. मी दारू म्हणणार आहे. 'वाइन' म्हटले की ती उंच काचेच्या पेल्यात जाते, तिच्याभोवती फुले येतात, आणि वाद अर्ध्यावरच सुटतो. मला वाद अर्ध्यावर सोडायचा नाही. द्राक्षांची असली तरी दारूच ती.

आता ते इस्पितळ कुणी आणि का काढले ते पाहू. त्या काळी बर्गंडीचा ड्यूक फिलिप हा फ्रान्सच्या राजालाही भारी होता. लोक त्याला 'भला फिलिप' म्हणत. त्याचा दिवाण निकोला रोलँ. हा मूळचा सरदार घराण्यातला नव्हे. ओतँ गावचा, वकिली करून वर चढलेला. १४२२ मध्ये दिवाण झाला आणि जवळजवळ चाळीस वर्षे राज्यातला सगळा कागद त्याच्या हाताखालून गेला. १४३५ मध्ये आरास येथे बर्गंडी आणि फ्रान्स यांचा तह झाला तो घडवण्यात रोलँचा मोठा हात होता, आणि त्या तहाच्या वेळी त्याने फ्रान्सच्या राजाकडून मोठी रक्कम घेतली हेही इतिहासात नमूद आहे. तह झाला तरी प्रजेला सुख कुठले? लढाई संपल्यामुळे बेकार झालेले शिपाई टोळ्या करून खेडी लुटत हिंडत; लोक त्यांना 'कातडी सोलणारे' म्हणत. वर दुष्काळ आणि प्लेग. बोन गावात खायला असलेली घरे थोडी आणि नसलेली फार, अशी अवस्था.

अशा वेळी, ४ ऑगस्ट १४४३ रोजी, साठी उलटलेल्या रोलँने दानपत्र केले. त्यात त्याने मनातले लपवलेले नाही. इहलोकीची संपत्ती देऊन परलोकीची घ्यायची, हा सौदा फायद्याचा आहे, अशा अर्थाचे तो सरळ लिहून मोकळा होतो. सराफकट्ट्यावरची भाषा! पण पुढची कलमे पाहा. इमारतीची वाट न पाहता रोज सकाळी दाराशी गरिबांना पांढरा पाव वाटायचा. आजारी गरिबांना विनामूल्य ठेवून घ्यायचे. आणि खर्चासाठी सालँ गावच्या मिठाच्या कारखान्यातून दरसाल हजार लिव्रांचे वर्षासन.

इमारत व्हायला आठ वर्षे लागली. १ जानेवारी १४५२ रोजी पहिला रोगी आत आला. मुख्य दालन सुमारे ५० मीटर लांब आणि १४ मीटर रुंद. वर उपड्या नावेसारखे लाकडी छत, त्याच्या तुळया रंगीत राक्षसांच्या तोंडांतून निघालेल्या. दोन्ही भिंतींना खाटांची रांग, खाटांना पडदे, आणि दालनाच्या टोकाला देवघर, म्हणजे ज्याला उठवत नाही त्यानेही पडल्या पडल्या प्रार्थना ऐकावी. या जागेला त्यांनी नाव दिले त्याचा अर्थ 'देवाची धर्मशाळा' असा होतो. नाव योग्यच आहे. आपला 'इस्पितळ' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. त्याच्या मुळाशी जो लॅटिन शब्द आहे त्याचा अर्थ पाहुणा किंवा यजमान. म्हणजे जुन्या युरोपात इस्पितळ ही आधी धर्मशाळा होती, औषधे मागाहून आली.

रोलँवर पहिला दगड मारला तो एका राजानेच. फ्रान्सचा अकरावा लुई म्हणाला असे सांगतात, की ज्याने आयुष्यभर इतक्या लोकांना भिकेला लावले त्याने मरण्यापूर्वी त्यांच्यासाठी धर्मशाळा बांधली हे योग्यच झाले. टोमणा मोठा झणझणीत आहे. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मांडीवर थाप मारून हसलो. आमच्या बैठकीतल्या सद्गृहस्थांचा आवाजच मला त्यात ऐकू आला. पण मग विचार करू लागलो. टोमणा खरा मानला तरी त्याने ठरते काय? रोलँने लोकांना भिकेला लावले असेल तर ते पाप इस्पितळ बांधल्याने फिटले नाही, कबूल. आणि इस्पितळ न बांधल्याने ते फिटले असते काय? ज्याची म्हैस गेली त्याची म्हैस परत आली असती? टोमण्याने एकाही रोग्याचा ताप उतरला नाही. खाटा मात्र खऱ्या होत्या.

रोलँ साधू होता असे मला मुळीच म्हणायचे नाही. त्याला मिरवायची हौस दांडगी होती. व्हान आइक या थोर चित्रकाराकडून त्याने स्वतःचे चित्र काढून घेतले ते आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे: रोलँ गुडघे टेकून बसला आहे आणि समोर, अगदी समोरासमोर, बाळ येशूला मांडीवर घेऊन मेरी. जणू मेरी त्याच्याकडे हळदीकुंकवाला आली आहे! इस्पितळाच्या देवघरासाठी त्याने दुसऱ्या तितक्याच थोर चित्रकाराकडून, व्हान डर वायडनकडून, अंतिम न्यायाचे प्रचंड चित्र करून घेतले. ते अनेक फळ्यांचे, दाराप्रमाणे उघडमीट होणारे. रविवारी आणि सणावारी ते उघडत. उघडले की मधोमध देवदूत मिखाएल तराजू घेऊन उभा दिसे. एका पारड्यात माणसाचे पुण्य, दुसऱ्यात पाप, आणि पापाचे पारडे खाली गेलेले. एरवी चित्र मिटलेले असे. मिटलेल्या चित्रावर काय? प्लेगपासून वाचवणारे संत, आणि त्यांच्या बाजूला हात जोडलेला रोलँ व त्याची बायको. म्हणजे साध्या वारी रोग्यांना दात्याचे तोंड पाहावे लागे!

हे वाचून मला आमच्या शाळेतला पंखा आठवला. तीन पात्यांवर तीन पिढ्यांची नावे रंगवलेली आहेत. पंखा फिरू लागला की नावे वाचता येत नाहीत, म्हणून पाहुणे येणार असले की तो बंद ठेवतात. दात्याची हौस सर्वत्र सारखीच. फरक पुढे आहे, आणि माझ्या सगळ्या भांडणाचे मूळ तिथेच आहे.

आधी मिठाकडे वळू. बोनची कीर्ती दारूच्या नावाने आहे, पण इस्पितळ उभे राहिले ते मिठावर. सालँला जमिनीखालचे खारे पाणी उपसून मोठाल्या कढयांत लाकडाच्या जाळावर आटवीत. आमच्या कमिटीपुढे मिठाचे वर्षासन आले असते तर अकराच्या अकरा हात बाजूने वर गेले असते, कारण मीठ पवित्र! आपण खाल्ल्या मिठाला जागतो, दृष्ट मिठाने काढतो. पण मिठाचा पैसा येतो कुणाकडून? दारू न पिता राहता येते. मीठ न खाता राहता येत नाही. मिठावर कमावलेली दर दमडी सर्वांत जास्त बोचते ती ज्याच्या भाकरीबरोबर दुसरे काहीच नाही त्याला. हे आम्हा लोकांना फ्रान्सच्या इतिहासातून शिकायला नको. १९३० साली मिठासाठीच दांडीला आणि आमच्या शिरोड्याला माणसे लाठ्या खायला उभी राहिली. तेव्हा मिठाचा पैसा स्वच्छ आणि द्राक्षांचा घाण, हा सोवळेपणा कुठल्या ताजव्यात तोलला?

त्यात आणखी एक गोष्ट. रोलँची बायको गिगोन द सालँ हिच्या घराण्याचे नावच त्या मिठाच्या गावावरून पडलेले. इस्पितळाच्या तव्यावर पहिले मीठ पडले ते एका अर्थी तिच्या माहेरचे. पण ते इस्पितळ 'रोलँचे' म्हणून ओळखले जाते. ती त्याची तिसरी बायको, त्याच्याहून सुमारे पंचवीस वर्षांनी लहान. इमारतीच्या फरशांवर दोघांच्या नावांची आद्याक्षरे गुंफलेली आहेत आणि त्यांच्याशेजारी एक तारा: माझा तारा ही एकटीच, अशा अर्थाचे रोलँचे ब्रीद. नवरा ब्रीद कोरून १४६२ मध्ये गेला. ती मागे राहिली, आठ वर्षे इस्पितळात रोग्यांचे करीत राहिली, १४७० मध्ये गेली आणि त्याच देवघरात तिला पुरले. या बाईविषयी प्रवाशांच्या पुस्तिकांत दोन ओळी असतात. छपराच्या रंगीत कौलांविषयी अर्धे पान. रोग्यांची सेवा करणाऱ्या भगिनींचे तर नावही बहुधा कुणी घेत नाही. त्यांनी शतकानुशतके मलमपट्ट्या केल्या, भांडी घासली, काढे उकळले, मेलेल्यांचे डोळे मिटले. दानाविषयी लिहिणारे लोक दात्याविषयी लिहितात. भांडी घासणारी दात्यांत मोजायची नाही असा नियम कुणी केला मला ठाऊक नाही. बहुधा ज्याने कधी भांडी घासली नाहीत त्याने.

आणि पहिला द्राक्षमळा दिला कुणी? तीही बाईच. गियमेत लव्हर्निए तिचे नाव, साल १४५७. तिच्यामागून एकेकाने मळे दिले, कुणी जिवंतपणी, कुणी मृत्युपत्राने, आणि ते साडेपाचशे वर्षे चालू राहिले. आज इस्पितळाच्या मालकीचे द्राक्षमळे सुमारे ६० हेक्टर आहेत, म्हणजे दीडशे एकरांच्या आसपास, आणि तेही एका जागी नव्हेत. टेकड्यांच्या उतारावर इथे पट्टी, तिथे तुकडा, जसे ज्याने दिले तसे. बहुतेक मळे काळ्या 'पिनो न्वार' द्राक्षाचे. या द्राक्षाविषयी तिथले लोक पूर्वीपासून हट्टी. १३९५ मध्ये तिथल्या ड्यूकने फर्मान काढले होते की भरमसाट पिकणारी पण हलकी 'गामे' द्राक्षे उपटून टाका. पैशासाठी वाटेल ते पिकवायचे नाही, हा त्यांचा नियम जुना आहे.

आता तुलना करा. मिठाचे वर्षासन ठरले हजार लिव्रांचे. आकडा कागदावर तसाच राहिला, पण नाण्याचे मोल शतकागणिक घसरत गेले. सालँचा मिठाचा कारखानाही अखेर १९६२ मध्ये बंद पडला. दिवाणाने दिलेली रोकड काळाने खाल्ली. गियमेतबाईसारख्या लोकांनी दिलेले मातीचे तुकडे उरले. कारण मळा हे असे दान आहे की ते घेणाऱ्याला आळशी होऊ देत नाही. हिवाळ्यात बोटे गारठत असताना छाटणी करायची, वसंतात कोंब निवडायचे, पाऊस आणि गारपीट यांच्याशी झुंजायचे, भाद्रपदाच्या सुमाराला तोडणी. एक वर्ष हयगय केली तर पुढची दोन वर्षे भोगायची. आज तिथे वीस-बावीस जण मळे वाटून घेऊन सांभाळतात, प्रत्येकाला आपली आपली वेल ठाऊक. आणि २०१५ पासून या सगळ्याची आणि दारूच्या तळघरांची मुखत्यारी ल्युदिव्हिन ग्रिव्हो या बाईंकडे आहे. त्या जागेवर बसलेली ही पहिलीच बाई. पाचशे वर्षे उशीर झाला, पण झाले.

आमच्या प्रसूतिगृहाला गेल्या दहा वर्षांत मिळालेली दाने मी आठवून पाहिली: चार भिंतीवरची घड्याळे, दोन पंखे, एक संगमरवरी पाटी, एक पाण्याची टाकी (तिला नळ नाही) आणि असंख्य शाली. ही सर्व दाने स्वच्छ पैशाची. दारूचा त्यांना वास नाही. औषधांचाही नाही.

पण बोनचे गोडवे गाणाऱ्यांशीही माझे भांडण आहे. तिथे नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी मालाचा जाहीर लिलाव होतो; ही प्रथा १८५९ पासूनची. जुन्या रीतीने बोली मेणबत्तीच्या ज्योतीवर चाले. ज्योत विझली की सौदा पक्का. पूर्वी व्यापारीच बोली लावीत, २००५ पासून हौशी धनिकांनाही दार उघडले आणि लिलाव मोठमोठ्या लिलाव कंपन्या चालवू लागल्या. २०२२ मध्ये एकूण विक्री सुमारे ३ कोटी युरोंवर गेली. त्यात मानाचे म्हणून एक खास पिंप असते, त्याचे पैसे बाहेरच्या धर्मादाय संस्थांना जातात. ते एक पिंप, २२८ लिटरचे, त्या वर्षी ८ लाख १० हजार युरोंना गेले. टाळ्या वाजल्या असतील, छायाचित्रे निघाली असतील. रोगी कुठे होता? तो १९७१ मध्येच जुन्या दालनातून गावाबाहेरच्या नव्या इमारतीत गेला. जुन्या दालनात आज तिकीट काढून पाहुणे फिरतात. नवे इस्पितळ त्या पैशाचा उपयोग करते, यंत्रे घेते, इमारती सांभाळते, हे खरे आहे आणि चांगले आहे. पण 'आमची दारू रोग्यांना बरे करते' ही जी चटकदार भाषा त्या निमित्ताने चालते, तिची मला शिसारी येते. दारूने कुणी बरे होत नाही. बरे केले डॉक्टरांनी, परिचारिकांनी, त्या भगिनींनी. मळ्याने फक्त बिल भरले. आणि ती पिंपे पिऊन त्या साडेपाचशे वर्षांत बर्गंडीत किती यकृते सडली, किती पोरांनी हातात दिवा धरून बापाला घरी नेले, त्याची नोंद कुठल्या दानपत्रात नाही. मी ती नोंद विसरावी असे कुणी म्हणू नये.

म्हणजे मग मास्तर, तुम्ही आहात तरी कुणाच्या बाजूने?

सांगतो. दारूचे दुकान बंद करा, या मागणीवर मी पहिली सही करीन. पण आमच्या कमिटीने त्या दिवशी दुकान बंद करायचा ठराव केला नाही. तसा शब्दही कुणी काढला नाही. दुकान बाईंच्या नवऱ्यामागून दुसऱ्या कुणी चालवायला घेतले आहे, परवान्याचे नूतनीकरण वेळेवर होते, आणि विरुद्ध हात वर करणाऱ्या नऊ जणांतले निदान दोघे तिथले नियमित गिऱ्हाईक आहेत. आम्ही दुकान चालू ठेवले आणि दुकानाची जमीन नाकारली. दारू गावाला राहू दिली, औषध तेवढे बाळंतिणीच्या तोंडचे काढले. याला नीतिमत्ता म्हणतात!

आणि माझे स्वतःचे काय? माझा पगार राज्याच्या तिजोरीतून येतो. त्या तिजोरीत दारूवरचे उत्पादन शुल्क दरसाल पडते. सही करून पगार घेताना मी कधी विचारले नाही की यातला कुठला रुपया माझ्या बापाच्या पेल्यातून आला. शाळेच्या इमारतीला विचारले नाही, एस.टी.च्या रस्त्याला विचारले नाही. सरकारच्या तिजोरीतून फिरून आला की तोच पैसा गंगाजळी होतो, आणि विधवेच्या हातून सरळ आला की तळतळाट. हे तर्कशास्त्र मी वर्गातल्या सातवीच्या मुलालाही फळ्यावर लिहू दिले नसते.

कुणी म्हणेल, घेतले तर दात्याला प्रतिष्ठा मिळते. उद्या सावकार, वाळूवाले, सगळे पुण्य विकत घ्यायला रांग लावतील. हा आक्षेप खरा आहे, आणि बोनला त्याचे उत्तर पूर्ण मिळत नाही. रोलँला प्रतिष्ठा मिळालीच. आजही तिथल्या एका दारूवर त्याचे नाव आहे आणि दुसरीवर गिगोनचे. पण जमीन घ्यायची की नाही आणि पाटी लावायची की नाही, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. आम्ही जमीन घेऊन पाटी नाकारू शकलो असतो. गंमत अशी, की त्या बाईंनी पाटी मागितलीच नव्हती. पाटी मागितली होती घड्याळवाल्यांनी, चौघांनीही.

बैठकीनंतर मी त्या काकूंकडे गेलो नाही. जायला तोंड नव्हते. या वर्षी श्रावणात त्या देवळाबाहेर भेटल्या. मीच विषय काढला, चाचरत. त्या म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्या आईंना मी ओळखत होते. त्या ओट्याखाली उभ्या असायच्या तेव्हा मी वरच्या खिडकीत असायची. मला खाली यायची परवानगी नव्हती." मग थोडे थांबून म्हणाल्या, "जमिनीला गिऱ्हाईक आलंय. प्लॉट पाडणार म्हणतात. मी त्यांना संक्रांतीपर्यंत थांबवलंय."

आमच्या कमिटीच्या नियमांत नामंजूर ठराव पुन्हा विचारात घ्यायला सहा सभासदांच्या सह्यांचा अर्ज लागतो. दसऱ्याला मी तो लिहिला. बाजूने हात वर केलेल्या दोघांनी लगेच सह्या केल्या. तिसरी माझी. चौथी आणि पाचवी मिळवायला मला दोघांच्या घरी तीन-तीन वेळा चहा प्यावा लागला, आणि एकाकडे बोनची गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगावी लागली, तो शेवटी म्हणाला, "ते फ्रान्सचं राहू द्या हो मास्तर, नळाचं काय ते बोला." नळ मी स्वतः बसवून देतो म्हणालो. त्याने सही केली. सहावी सही अजून व्हायची आहे. अर्ज माझ्याकडेच आहे, आणि भाऊबीज झाली की मी पुन्हा निघणार आहे.